धोंडिराम कोठडीतून कसा गेला

"माझ्या लेकाला त्यांनी मारला," पारूबाई म्हणाली. "मारला आन धरणाच्या पान्यात टाकला."

ती रडत नव्हती. कोयनेकडच्या डोंगरातून दोन गाड्या बदलून ती सांगलीला आली होती आणि रडणं बहुधा वाटेतच संपलं होतं.

१९७८ चा मे महिना होता. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासायला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरती एक छोटी समिती नेमलेली होती. समिती म्हणजे निवृत्त जिल्हा न्यायाधीश नाथाजीराव डुबल. कोर्टामागच्या दोन खोल्या हे त्यांचं कार्यालय. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते त्यांनी कायद्याच्या कॉलेजातले दोन विद्यार्थी कामाला घेतले होते. एक आकाराम शेवाळे, कुंडलचा, उसाच्या शेतकऱ्याच्या घरचा, वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. दुसरी सुजाता होवाळ, मिरजेची. तिच्या वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी झालेल्या मुलीचं नाव सुजाता ठेवलं.

आकाराम मनापासून काम करी. सुजाता कमी बोले आणि जास्त बघे.

"मावशी, पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

पारूबाईनं सांगितलं. तिचा मुलगा धोंडिराम एका ठेकेदाराच्या गोदामावर राखणदार होता. गोदामातली तांब्याची तार चोरीला गेली आणि चौकीच्या लोकांनी धोंडिरामलाच उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई भाकरी घेऊन गेली, तर कैदी कौलं फोडून पळाला म्हणून सांगितलं. त्याला आता महिना होत आला होता.

"पळालाच नसंल कशावरून?" आकारामनं विचारलं.

"आरं बाबा, चष्म्याबिगर त्याला ताटातली भाकरी दिसत न्हाई. त्यो कौलं फोडून रातीचा डोंगर उतरंल व्हय? त्या यल्लाप्पा हवालदारानं मारला त्याला. समद्या खोऱ्याला ठावं हाय त्याचा हात."

"पळाल्यावर पोलीस घरी शोधायला आले होते का?" सुजातानं विचारलं.

"कुनी न्हाई आलं. आमच्याकडं न्हाई, पावन्याकडं न्हाई. मेलेल्याला कशाला शोधत्यात?"

डुबलसाहेब आतल्या खोलीच्या दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "तुम्ही दोघं जाऊन या. सगळं बघा, सगळ्यांशी बोला. आणि निष्कर्ष घेऊन येऊ नका, माहिती घेऊन या."

*

कऱ्हाडपर्यंत आकाराम ठीक होता. पाटणच्या पुढं वळणं सुरू झाली तसा तो गप्प झाला आणि चौकीच्या थांब्यावर उतरल्यावर त्यानं आधी पाण्याची चौकशी केली.

चौकी म्हणजे दगडी भिंतींची, कौलारू, तीन खोल्यांची इमारत. पुढं कचेरी, मध्ये सामानाची खोली, मागं कोठडी. फौजदार लालासाहेब जगदाळे यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

"समितीनं आता पोरं पाठवायला सुरुवात केली वाटतं," ते हसून म्हणाले. "विचारा. लपवायचं काही नाही. त्या दिवशी मी साताऱ्याला बैठकीला होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर हा प्रकार."

"कैदी पळाला तेव्हा चौकीत कोण होतं?"

"हवालदार यल्लाप्पा आणि शिपाई हरिबा. किल्ली हवालदाराकडं. संध्याकाळी भूकंपाचा धक्का बसला. इथं बसतातच. कौलं सैल झाली असणार, त्याचा फायदा त्यानं घेतला. असं माझ्या हवालदाराचं म्हणणं आहे." फौजदारांनी शेवटच्या वाक्यावर जरा जोर दिला. "मी काही डोळ्यांनी बघितलेलं नाही. समितीला वेगळं काही आढळलं तर मी कुणाला पाठीशी घालणार नाही."

"त्याच्या वस्तू आहेत?"

फौजदारांनी एक कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. चामड्याच्या जाड चपला, कमरेचा पट्टा, तंबाखूची चंची.

"एवढंच?"

"एवढंच. कोठडीत घालताना आम्ही अंगावरचं सगळं काढून घेतो. पट्टा, चपला, काच, धातू. उद्या कुणी जिवाचं बरंवाईट केलं तर जबाब आम्हाला द्यावा लागतो. तो अनवाणीच पळाला."

कोठडी त्यांनी स्वतः उघडून दाखवली. "त्या दिवसापासून कुलूप आहे. काही हलवलेलं नाही."

खोलीला खिडकी नव्हती. कोपऱ्यात पाण्याचा मातीचा डेरा, जमिनीवर एक घोंगडी. मागच्या भिंतीच्या वर, वाशांच्या मधल्या जागेत एक भगदाड होतं आणि त्यातून उन्हाचा पट्टा आत आला होता. खाली कौलांचे तुकडे पडलेले. आकारामनं हात वर केला. तो चांगला उंच होता, तरी वासे त्याच्या बोटांपासून बरेच वर राहिले. त्यानं भिंतीला पाठ लावून उंचीचा अंदाज घेतला आणि वळला, तेव्हा सुजाता म्हणाली, "शर्ट बघ मागून."

पाठ पांढरीफेक झाली होती.

"चुना आहे," फौजदार म्हणाले. "मोठ्या साहेबांची तपासणी होती, म्हणून त्याच आठवड्यात सगळी चौकी रंगवून घेतली. स्वस्तातलं काम, हाताला लागतं."

सुजातानं भगदाडाखालची भिंत वरपासून खालपर्यंत निरखून पाहिली. आकारामच्या पाठीनं जिथं चुना खरवडला होता, तेवढी एक जागा सोडली तर भिंत एकसारखी पांढरी होती.

*

हवालदार यल्लाप्पा मागच्या पडवीत जेवायला बसला होता. पन्नाशीचा, रुंद हाडाचा माणूस. त्याचे हात बघून आकारामला पारूबाईचं बोलणं आठवलं. समोर फडक्यावर पापडासारख्या पातळ, कडक ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड आणि शेंगदाण्याची चटणी होती.

"बसा," तो म्हणाला. "खाता का? आमच्या जत भागातली कडक भाकरी. पंधरा दिवस काय हुईत न्हाई. हितं लोकांचं भात आन नाचणी, मला सोसत न्हाई. बहीण करून पाठवती."

दोघांनी नको म्हटलं. आकारामनं थेट विचारलं, "धोंडिरामला तुम्ही मारलं?"

"न्हाई."

"खोऱ्यात सगळे म्हणतात, तुम्ही मारता."

"मारतो की," यल्लाप्पा शांतपणे म्हणाला. "नोकरीत लय जणांना मारलं. ह्याला न्हाई."

"मग तो गेला कसा?"

"कौलं फोडून."

"तुम्हाला आवाज आला नाही?"

"धक्क्यानं आधीच समदीकडं खडखडाट हुता."

सुजातानं विचारलं, "तुमच्यावर खुनाचा आळ आहे, हे माहीत आहे ना?"

"माहीत हाय, बाईसाहेब." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. 

शिपाई हरिबा चौकीच्याच गावचा, तरणा आणि घाबरलेला. तो पुन्हा पुन्हा दाराकडं बघत होता.

"तिन्हीसांजेला धक्का बसला, तसा मी भाईर पळालो," तो म्हणाला. "सदुसष्टला आमचं घर पडलंय जी. आमी लहान हुतो, पर ध्यानात हाय. समदं गाव देवळापुढच्या पटांगणात जमलं. हवालदार म्हनलं, जा, तुझी म्हातारी बघून ये, हितं मी हाय. मी पटांगणात म्हातारीपाशी बसलो, आन जेवूनच आलो. हवालदार कचेरीत बसलं हुतं. म्हनलं, कैदी झोपलाय, दार उघडू नगं. सकाळी बघतो तर भगदाड."

"धोंडिरामच्या वस्तू कुणी काढून घेतल्या होत्या?"

"मीच. कचेरीच्या टेबलाच्या खणात ठेवल्या. समद्या."

"आणि धोंडिरामला चौकीत आणल्यापासून फौजदार त्याच्याशी काय बोलले?"

हरिबानं आवाज उतरवला. "मला आत जाऊ देत नव्हते. निघताना हवालदाराला एवढंच म्हनलं, मी येईस्तोवर कबुली पायजे. कशी बी."

*

पारूबाईचं घर चढावर होतं. ती शेतात गेली होती. सून जाईबाई एकटी होती. तिनं पाणी दिलं, आणि घाट उतरायचाय, पोटात काही असू द्या, म्हणून एका ताटलीत खायला आणलं. आकारामचं पोट सकाळपासून रिकामं होतं. तो कुडुमकुडुम खात राहिला.

"तुमची काही तक्रार आहे का?" सुजातानं विचारलं.

जाईबाई खाली बघत म्हणाली, "आत्तींनी केलीया न्हवं."

"तुम्हाला काय वाटतं? हवालदारानं मारलं असेल?"

"मी काय सांगू? मी तवा मलकापूरला माह्यारी हुते."

"अजून जाता माहेरी?"

"जाते मधनंआधनं. बाजाराच्या दिशी." ती उठून ताटली उचलायला लागली. आकारामच्या हातात शेवटचा तुकडा होता.

परतीच्या गाडीत आकाराम म्हणाला, "सरळ प्रकरण आहे. किल्ली यल्लाप्पाकडं. हरिबाला त्यानंच घालवलं. मारताना माणूस गेला, मग प्रेत धरणाकडं नेलं आणि कौलं फोडून ठेवली. पारूबाई पहिल्यापासून हेच सांगतेय."

"जाईबाईनं आपल्याला काय खायला दिलं?" सुजातानं विचारलं.

"भाकरी."

"कसली?"

"ज्वारीची. चांगली होती. का?"

सुजाता खिडकीबाहेर बघत राहिली. वळणं पुन्हा सुरू झाली होती, त्यामुळं आकारामनंही जास्त विचारलं नाही.

सांगलीला पोचल्यावर ती डुबलसाहेबांच्या खोलीत गेली आणि दार लावून बराच वेळ बोलली. साहेबांनी जाईबाईला बोलावून घेतलं. तिच्याशीही दार लावूनच बोलणं झालं. मग साहेबांची स्वतःची गाडी जाईबाईला घेऊन कुठंतरी गेली. साहेबांनी चौकीतल्या तिघांना आणि पारूबाईला सुनावणीला हजर राहायला कळवलं.

*

सुनावणीच्या सकाळी खोलीत पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. पारूबाई भिंतीशी बसली होती. तिनं यल्लाप्पाकडं एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं. फौजदार लालासाहेब खुर्चीत रेलून बसले होते. हरिबा उभा होता.

डुबलसाहेब म्हणाले, "माहिती या दोन विद्यार्थ्यांनी गोळा केली आहे. तिचा अर्थ मला कुमारी होवाळ यांनी सांगितला. तो त्यांच्याच तोंडून ऐका. कुणी मध्ये बोलू नये."

सुजाता उभी राहिली. 

"पहिला प्रश्न, धोंडिराम छपरातून गेला का? कोठडीच्या भिंतीला ताजा चुना होता. नुसती पाठ टेकली तर आकारामचा शर्ट पांढरा झाला आणि भिंतीवर डाग उमटला. छपराला हात पोचत नाही. चढायचं तर भिंतीला पाय लावावेच लागतात. भगदाडाखालच्या भिंतीवर एकही ओरखडा नाही. कौलांचे तुकडे पडलेत आत. आतून ढकलली असती तर कौलं बाहेर घसरली असती. म्हणजे भगदाड बाहेरून, छपरावर चढून पाडलेलं आहे. छपरातून कुणीही गेलेलं नाही."

"मग मी काय म्हणत होतो?" आकाराम पुटपुटला.

"धोंडिराम दारातून गेला. जिवंत किंवा मेलेला. आता त्याच्या वस्तू. चपला आहेत, पट्टा आहे, चंची आहे. चष्मा नाही."

पारूबाईनं मान वर केली.

"चष्म्याशिवाय त्याला ताटातली भाकरी दिसत नाही, असं मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे अटकेच्या वेळी तो डोळ्यांवर असणारच. कोठडीत काच जाऊ देत नाहीत, हे फौजदारसाहेबांनी सांगितलं. हरिबांनी सगळ्या वस्तू काढून कचेरीच्या खणात ठेवल्या. हरिबा, चष्मा होता?"

"व्हय जी," हरिबा म्हणाला. "एका काडीला दोरा बांधलेला."

"मग तो कुठं गेला? वरून कुणी दोर टाकून धोंडिरामला ओढून काढलं असतं, तर त्या माणसाचा हात कचेरीतल्या खणापर्यंत पोचला नसता. हवालदारांनी त्याला मारून टाकलं असतं, तर चष्मा चपलांच्या शेजारी तसाच पडून राहिला असता. मेलेल्या माणसाला चष्मा कुणी देत नाही. खणातून चष्मा काढून दिला, कारण धोंडिरामला अंधारात डोंगर उतरायचा होता. चपलाही द्याव्याशा वाटल्या असतील. पण चपला नाहीशा झाल्या असत्या तर छपराची गोष्ट कुणी मानली नसती. चष्म्याकडं कुणाचं लक्ष जाणार नाही, असं देणाऱ्याला वाटलं."



"देणारा कोण? हरिबा पटांगणात होते, सगळ्या गावानं बघितलं. फौजदारसाहेब साताऱ्याला होते. किल्ली आणि खण, दोन्ही ज्यांच्या हाताशी होतं असे एकच." ती यल्लाप्पाकडं वळली. "धक्का बसला, गाव बाहेर पळालं, तुम्ही हरिबांना घालवलंत आणि कोठडी उघडलीत. छप्पर नंतर फोडलंत."

यल्लाप्पा जमिनीकडं बघत होता.

"बिनबुडाची कल्पना आहे ही," फौजदार म्हणाले. "एका चष्म्यावरून?"

"चष्म्यावरून एवढंच कळलं की तो जिवंत बाहेर पडला. कुठं गेला ते जाईबाईंच्या ताटलीतून कळलं. खोऱ्यात भात आणि नाचणी खातात. जाईबाईंनी आम्हाला पातळ, कडक ज्वारीची भाकरी दिली. तशीच आम्ही त्या दुपारी हवालदारांच्या फडक्यावर बघितली होती. जत भागातली, बहिणीनं केलेली. ज्या हवालदारानं नवऱ्याला मारलं म्हणून सासू तक्रार करते, त्याच्या बहिणीच्या हातची भाकरी सुनेच्या घरात आली कशी?"

आकारामनं कपाळाला हात लावला.

"एक प्रश्न राहतो. पळालेल्या कैद्याला शोधायला पोलीस आधी त्याच्या घरी जातात. धोंडिरामच्या घरी कुणी गेलंच नाही. शोध घ्यायचा हुकूम हवालदार देत नाही, फौजदार देतात. तुम्ही तो दिला नाहीत, साहेब. कारण तो पळालाय यावर तुमचा विश्वास नव्हता. तुम्ही जो हुकूम देऊन साताऱ्याला गेलात, त्यानं तो मेला असं तुम्ही धरून चाललात. आणि ते तुम्हाला चालणार होतं."

"कशाला चालेल मला? माझा त्याच्याशी काय संबंध?" फौजदार उठून उभे राहिले.

"बसा," डुबलसाहेब म्हणाले. मग त्यांनी आतल्या खोलीकडं बघून हाक मारली. "जाईबाई, आणा त्यांना."

दार उघडलं. जाईबाईच्या मागून एक किडकिडीत माणूस बाहेर आला. चष्म्याच्या एका काडीला दोरा होता. उजेडात आल्यावर तो क्षणभर डोळे मिचकावत राहिला, मग म्हणाला, "आये."

पारूबाई उठली नाही. तिला उठताच आलं नाही. तो जाऊन तिच्यापाशी बसला. तिनं त्याच्या तोंडावरून, खांद्यांवरून, हातांवरून हात फिरवला, मोडकं काही आहे का बघावं तसा. मग सुनेकडं बघून म्हणाली, "तुला ठावं हुतं?"

"सांगितलं असतं तर तुमी रडला नसता, आत्ती," जाईबाई म्हणाली. "फौजदाराला लगेच कळलं असतं."

धोंडिरामची साक्ष दुपारपर्यंत चालली. तार चोरीला गेली त्या पहाटे त्यानं चौकीची जीप गोदामाच्या मागच्या दाराशी उभी बघितली होती. तार भरून घेणारा ठेकेदाराचा मेव्हणा होता आणि जीपमध्ये पुढं फौजदार बसले होते. त्यानं ठेकेदाराला सांगितलं. त्याच सकाळी त्यालाच अटक झाली. लालासाहेबांनी मग साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला नाही. वकील हवा, एवढंच म्हणाले.

*

ते गेल्यावर साहेबांनी यल्लाप्पाला थांबवून घेतलं.

"का सोडलंत त्याला?"

यल्लाप्पानं टोपी हातात घेतली होती. "साहेब, कबूल हुणारा माणूस मला बघून कळतो. ह्यो हुणार नव्हता. त्यानं काय केलंच नव्हतं. मी मारत गेलो असतो आन त्यो मेला असता. फौजदारांना तेच पायजे हुतं, ते बी मला कळलं. धक्का बसला, हरिबा पळाला. मी कुलूप काढलं. माझ्या बहिणीचा पत्ता दिला. दगडाबाई म्हणून हाय, तिनं जतकडं शेतावर ठेवून घेतला. त्याच्या बायकोला तेवढं मी कळवलं, ती माहेरचं नाव करून भेटून येती."

"आणि खुनाचा आळ?"

"प्रेत गावंस्तोवर फाशी देत्यात काय? त्यो जिता हाय म्हणून मी सांगितलं असतं, तर त्याला परत माझ्याच कोठडीत आणला असता."

सुजातापुढं अहवालाचे कोरे कागद होते. अटकेतला माणूस सोडणं हा गुन्हा आहे, ते कलम तिनं याच वर्षी परीक्षेत लिहिलं होतं. तिनं साहेबांकडं बघितलं.

"हवालदारांचं नाव न घेता लिहिता येईल का, साहेब?"

उत्तर यल्लाप्पानंच दिलं. "लिवा, बाईसाहेब. माझ्यापायी एक ओळ खोटी निघाली, तर त्यो वकील समदंच खोटं म्हणंल. मग धोंडिरामची साक्ष बी गेली."

तिनं लिहिलं. जे घडलं ते सगळं, त्याच्या नावासकट. शेवटच्या पानावर साहेबांनी स्वतःच्या हातानं शिफारस जोडली, की या माणसाची शिक्षा ठरवताना त्यानं एक जीव वाचवला हे विसरू नये.

शिफारस अर्धी मानली गेली. लालासाहेब निलंबित झाले आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला. यल्लाप्पाची नोकरी राहिली, पण हवालदारकी गेली. बाहीवरच्या फिती काढून त्याला साधा शिपाई केलं.

दिवाळीच्या सुट्टीला सुजाता आणि आकाराम बाहेर पडले, तेव्हा तो त्यांना कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर दिसला. हातात काठी घेऊन तो गाड्यांपुढची गर्दी मागं सारत होता. त्यानंच आधी ओळखलं आणि चहा पाजला.

आकारामला राहवलं नाही. "एवढ्या वर्षांची नोकरी आणि पुन्हा शिपाई. वाईट वाटत नाही?"

यल्लाप्पानं बशी खाली ठेवली.

"पगार कमी झाला, ते वाईट वाटतं," तो म्हणाला. "पर शिपायाला कुनी कबुली आणायला सांगत न्हाई."

कोयनेची गाडी लागली होती. तो उठला आणि काठी बगलेत धरून एका म्हातारीचं बोचकं वर चढवायला गेला.